शॉवरचं ड्रेन हलवायचंय आणि नेमका मध्ये जॉइस्ट आलाय, खाच मारू द्यावी का?

अबोली१२
नमस्कार मंडळी, जरा घाईचा प्रश्न आहे. आम्ही सेंट्रल जर्सीत राहतो, घर १९६८ चं, दुमजली कलोनियल. वरच्या मजल्यावरच्या हॉल बाथरूममधला टब काढून तिथे शॉवर करून घेतोय, कारण आईबाबा मे महिन्यात येतायत आणि आईला आता टबच्या काठावरून पाय उचलून आत जाणं जमत नाही, गेल्या वेळी दोघांनी धरून आत न्यावं लागायचं. टब ६० बाय ३२ चा नेहमीचा. त्याचं ड्रेन नळाच्या भिंतीपाशी होतं. काँट्रॅक्टरला नवीन शॉवरचं ड्रेन बरोबर मध्यावर हवंय, टाइलचा उतार चारी बाजूंनी सारखा देता येतो म्हणून. काल त्याने खालचं प्लायवूड उचकटलं तर मध्यापासून दोनच इंचांवर जॉइस्ट, म्हणजे फरशी तोलणारं आडवं लाकूड, निघाला. जॉइस्ट टबच्या लांबीला आडवे जातायत. तो म्हणतो, काही प्रॉब्लेम नाही, दोन जॉइस्टना वरून तीन इंचाची खाच मारतो, पाइप त्यात बसवतो आणि वर प्लाय ठोकून देतो, खालच्या डायनिंगच्या सिलिंगला हातही लावायला नको. नवरा म्हणतो त्याला कळतं त्यातलं, पण मला काही हे बरोबर वाटत नाहीये. सोमवारी सकाळी तो परत येतोय. कोणी माहितगार असेल तर सांगा प्लीज.

रंधा
अबोली, सोमवारी त्याला करवत हातात घेऊ देऊ नका, आधी हे वाचा. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, ओहायोत, तुमच्या राज्यातलं लायसन्स नाही त्यामुळे सही-शिक्का मी देऊ शकत नाही, पण हिशोब सांगतो. आधी मला चार गोष्टी मोजून सांगा. जॉइस्टची उंची किती. दोन जॉइस्टमधलं अंतर किती. जॉइस्ट कुठल्या भिंतीपासून कुठल्या भिंतीपर्यंत टेकलाय आणि ती लांबी किती. आणि टब त्या लांबीत कुठे बसतो, भिंतीजवळ की मध्यावर. आणि लाकूड भरीव आहे ना, इंग्रजी आय अक्षरासारखं तर नाही ना?

अबोली१२
भरीव आहे, चांगलं जड पिवळट लाकूड. उंची सव्वानऊ इंच, जाडी दीड. मध्य ते मध्य १६ इंच. बाहेरच्या भिंतीपासून मधल्या भिंतीपर्यंत १३ फूट, आणि टब बाहेरच्या भिंतीला लागूनच आहे, म्हणजे ड्रेनची जागा त्या भिंतीपासून साधारण १६ इंचांवर येते.

रंधा
म्हणजे हे २ बाय १० आहेत. दुकानात टू बाय टेन म्हणतात पण प्रत्यक्षात दीड बाय सव्वानऊ, आणि सगळा हिशोब सव्वानऊवरच करायचा.

आता आयआरसी, म्हणजे घरांसाठीचा कोड, भरीव लाकडाच्या जॉइस्टबद्दल काय म्हणतो ते सांगतो. खाचेची खोली जॉइस्टच्या उंचीच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त नको, लांबी एक तृतीयांशापेक्षा जास्त नको, आणि स्पॅनच्या, म्हणजे दोन टेक्यांमधल्या लांबीच्या, मधल्या तिसऱ्या भागात खाच अजिबात नको. तुमचं ड्रेन टोकाच्या तिसऱ्या भागात येतंय म्हणून खाच मारायला तत्त्वतः परवानगी आहे, पण किती? जेमतेम दीड इंच खोल आणि तीन इंच लांब. शॉवरच्या दोन इंची पाइपचा बाहेरचा व्यास आहे २ ३/८ इंच. म्हणजे कोडात बसणारी खाच पाइपला पुरत नाही आणि पाइपला पुरणारी खाच कोडात बसत नाही. तीन इंचाची तर दुप्पट झाली, तिचा विषयच सोडा.

भोक मात्र चालतं. भोकाचा व्यास उंचीच्या एक तृतीयांशापर्यंत, म्हणजे तुमच्याकडे तीन इंचाला किंचित वर, आणि भोकाची कड जॉइस्टच्या वरच्या आणि खालच्या कडेपासून किमान दोन इंच आत पाहिजे, दुसरं भोक किंवा खाच असेल तर त्यापासूनही दोन इंच. दोन इंची पाइपसाठी प्लंबर जो बिट वापरतात तो २ ९/१६ चा, तो या मर्यादेत आरामात बसतो.

खाच आणि भोक यात एवढा फरक का, असं बरेच जण विचारतात. जॉइस्टवर वजन आलं की वरची कड दाबली जाते आणि खालची कड ताणली जाते, उंचीच्या मध्यावर ताण जवळजवळ नसतोच. त्यामुळे पोटात भोक पाडलं तर ताकद फार जात नाही, पण कड कापली की जे लाकूड खरं काम करतंय तेच तुम्ही काढून टाकता. खालच्या कडेची खाच सगळ्यात वाईट.

सह्यकडा
रंधा यांना +१. मी पेनसिल्व्हेनियात होम इन्स्पेक्शन करतो आणि जुन्या घरांत बाथरूमच्या खाली टॉर्च मारला की हे कायम दिसतं. परवाच एका घरात टबखाली जॉइस्टला खालून जवळजवळ चार इंच कापलेलं होतं, ट्रॅप (पाणी अडवून गटाराचा वास रोखणारा वाकडा पाइप) बसवायला. खाचेच्या कोपऱ्यापासून लाकडाच्या रेषेरेषेने चीर निघाली होती, दीड-दोन फूट लांब, बोटाचं नख सहज आत जात होतं. वर टाइलच्या सांध्यांतलं ग्राउट सारखं निघतं अशी घरमालकीणबाईंची तक्रार, त्यांनी दरवेळी नवीन ग्राउट भरून घेतलेलं. मूळ दुखणं खाली होतं. चौकोनी कोपऱ्याची खाच हमखास अशीच फाटते, लगेच नाही, काही वर्षांनी.

गारवा
मला वाटतं थोडं जास्तच घाबरवताय तुम्ही लोक. इथे अर्ध्या घरांत असंच केलेलं असतं आणि घरं उभी आहेत ना. खाच मारा आणि शेजारी नवीन २ बाय १० चा तुकडा बोल्टने जोडून टाका, सिस्टर करणं म्हणतात त्याला, झालं काम. उगाच सिलिंग फोडायला लावू नका त्यांना.

रंधा
गारवा, सिस्टर करणं हा खरा उपाय आहे, पण तो तुकडा लावून होत नाही. नवीन लाकूड शक्यतो एका टेक्यापासून दुसऱ्या टेक्यापर्यंत अखंड जायला हवं, तेव्हाच ते वजन थेट भिंतीवर नेतं. चार फुटांचा तुकडा लावायचा तर इंजिनिअरने हिशोब करून किती बोल्ट, कुठे, ते काढून द्यायला लागतं. आणि इथे दुसरी अडचण बघा, पाइप आडवा जाणार असेल तर तो नवीन सिस्टरच्याही वाटेत येतोच, मग तिलाही खाच मारणार का? घर पडत नाही हे खरं. फरशी खाली जाते, टाइल तडकते, पॅनच्या, म्हणजे शॉवरच्या तळाच्या, सांध्यातून पाणी झिरपतं आणि मग जे लाकूड आधीच कमी आहे ते कुजायला लागतं. टाइलखालची फरशी एल भागिले ३६०, म्हणजे स्पॅनच्या तीनशेसाठाव्या भागापेक्षा, जास्त वाकू नये हा नियम त्यासाठीच आहे. मार्बल, ग्रॅनाइट असा नैसर्गिक दगड घालायचा असेल तर ७२०, म्हणजे निम्मंच वाकणं चालतं. आपल्या लोकांना मार्बलची हौस असते म्हणून मुद्दाम सांगतोय.

केतकी_पुणे
मी पुण्याहून वाचतेय, आमच्याकडे नुकतंच फ्लॅटचं बाथरूम झालं. इथे स्लॅबच खाली घेतलेला असतो, त्या संकमध्ये पाइप टाकायचे, वॉटरप्रूफिंग, मग वरून ब्रिकबॅट कोबा, त्यामुळे नहाणी ट्रॅप फूटभर इकडेतिकडे करायला काही वाटत नाही. तिकडे तसं काहीच नसतं का? अबोली, तुझ्या आईला तर पूर्ण सपाट, उंबरठा नसलेलं पाहिजे ना?

रंधा
केतकीताई, चांगला प्रश्न. तुमच्याकडे पाइप स्लॅबच्या वर भरावात असतो, तो हलवताना स्लॅबला धक्का लागत नाही. इथे भराव नसतोच. पाऊण इंचाचं प्लाय, त्याखाली लगेच जॉइस्ट, आणि पाइप जॉइस्टच्या मधल्या पोकळीतून जातो. म्हणजे पाइपची जागा आणि घर तोलणाऱ्या लाकडाची जागा एकच. तिकडून आलेल्या आपल्या बऱ्याच लोकांना ड्रेन हलवणं किरकोळ वाटतं ते या सवयीमुळे.

उंबरठ्याबद्दल. पूर्ण सपाट शॉवर करायला काही काँट्रॅक्टर जॉइस्टची वरची कड तासून काढतात. ती सगळी पॅनच्या रुंदीइतकी लांब खाचच झाली, ती इंजिनिअरच्या ड्रॉइंगशिवाय करू देऊ नका. बिनधोक मार्ग आहे तो असा की तेवढ्या भागातलं प्लाय काढायचं, जॉइस्टच्या दोन्ही बाजूंना पट्ट्या मारायच्या आणि प्लायचे तुकडे जॉइस्टच्या मध्ये त्यांच्या माथ्याशी सपाट बसवायचे. पाऊण इंच उंची मिळते, जॉइस्टला ओरखडाही नाही. तेवढ्यात भागत नसेल तर बाकीच्या बाथरूमची फरशी थोडी वर घ्यायची.

चिंचगूळ
धागा वाचतोय, मस्त माहिती. आमचं घर नॉर्थ कॅरोलिनात, २००४ चं, त्यात ते आय आकाराचे जॉइस्ट आहेत, वर-खाली पट्टी आणि मध्ये पातळ ओएसबी, म्हणजे लाकडाच्या चिपांचा दाबून केलेला बोर्ड. त्यात एक तृतीयांशाचाच नियम का?

रंधा
नाही! तिथे हा नियम लावूच नका. आय जॉइस्टला कोड म्हणतो की कंपनीने दिलेल्या तक्त्याप्रमाणेच भोक पाडा, नाहीतर पाडू नका. वरची-खालची पट्टी तर एक सूतही कापायची नाही. मधलं ओएसबी कातर, म्हणजे लाकूड आडवं कापू पाहणारा जोर (शिअर), झेलतं आणि कातर भिंतीजवळ सगळ्यात जास्त असते, म्हणून मोठं भोक टेक्यापासून जितकं लांब तितकं बरं, मध्यावर सगळ्यात मोठं चालतं. बऱ्याच कंपन्यांच्या जॉइस्टवर दीड इंची गोल आधीच अर्धवट कापून दिलेले असतात, हातोडीने निघतात, पण दोन इंची शॉवर ड्रेनला ते पुरत नाहीत. जॉइस्टच्या अंगावर नाव आणि मॉडेल छापलेलं असतं, त्यावरून तक्ता मिळतो. आणि कोणाकडे जाळीदार फ्लोअर ट्रस असतील तर त्यात पाइप मोकळ्या जागेतून न्या, एकही काठी कापू नका.

बे_एरियातला
प्लंबिंगकडून थोडी भर घालतो, कॅलिफोर्नियात रेंटल घरांची कामं करून घेतो त्यामुळे इन्स्पेक्टरशी सारखा संबंध येतो.

एक, टबचा ट्रॅप आणि पाइप दीड इंची असतो, शॉवरला मात्र दोन इंची धरून चाला. ड्रेन हललं नाही तरी तो दीड इंची पाइप जिथे मोठ्या पाइपला मिळतो तिथपर्यंत बदलावा लागतो. खूप लोक फक्त वरचं तोंड बदलतात आणि मग आंघोळ करताना पायाशी तळं साचतं.

दोन, उतार फुटाला पाव इंच. कमी नको, आणि ट्रॅपपासून व्हेंटपर्यंत (पाइपात हवा आणणारी नळी) उगाच जास्तही नको, कारण तेवढ्या अंतरात एकूण उतार पाइपच्या व्यासापेक्षा जास्त झाला तर ट्रॅपमधलं पाणी ओढलं जातं आणि गटाराचा वास घरात येतो. दोन इंचीला ट्रॅप ते व्हेंट अंतर आयआरसीत ८ फूट, आमच्याकडे यूपीसी, म्हणजे युनिफॉर्म प्लंबिंग कोड, यावर आधारलेला कोड आहे त्यात ५ फूट. न्यू जर्सीत प्लंबिंगला वेगळा, नॅशनल स्टँडर्ड प्लंबिंग कोड लागतो, त्यामुळे हा आकडा टाउनशिपच्या प्लंबिंग इन्स्पेक्टरलाच विचारा, फोनवर नीट सांगतात.

तीन, पांढरा पीव्हीसी असेल तर जांभळा प्रायमर आणि मग सिमेंट. जुनं ओतीव लोखंड असेल तर जोडाला स्टीलचा पत्रा असलेलं रबर कपलिंग.

अबोली१२
बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. म्हणजे मध्यावरच ड्रेन हवं असेल तर खाच न मारता भोकं पाडून नेता येईल का? मध्यापासून नळाच्या भिंतीपर्यंत ३० इंच आहे.

रंधा
येईल, पण कागदावर बसवून बघू. ट्रॅप ड्रेनच्या खाली लोंबतो, त्यामुळे ट्रॅपमधून निघणारा पाइप जॉइस्टच्या माथ्यापासून अंदाजे पाच इंच खाली सुरू होईल. भोकाची खालची कड तळापासून दोन इंच वर ठेवायची म्हणजे भोकाचा मध्य जास्तीत जास्त सहा इंचांपर्यंत खाली जाऊ शकतो. हातात उरला एक इंच. फुटाला पाव इंच, म्हणजे चार फूट. तुम्हाला अडीच फूट लागतोय, बसतं. हेच घर २ बाय ८ चं असतं तर उंची सव्वासात, भोक २.४ इंच आणि पाइप २ ३/८, म्हणजे केसभर जागा, बिट आतच जात नाही. तिथे हा मार्गच बंद.

पण बसतं म्हणजे सोपं असं नाही. दोन जॉइस्टमध्ये साडेचौदा इंच मोकळी जागा, कडक पाइप त्यात तिरपा घालून दोन भोकांतून सरळ ढकलता येत नाही. छोटे तुकडे करून दर गाळ्यात कपलिंग लावावं लागतं, ते चिकटवायला हात खालून हवा, आणि भोक पाडायला काटकोनी ड्रिल. म्हणजे डायनिंगचं सिलिंग उघडणं आलंच. आणि मुख्य मुद्दा राहिलाच, तुमचं ड्रेनचं तोंड जॉइस्टपासून दोन इंचांवर आहे, ड्रेनची बॉडी साडेचार इंच रुंद, ती लाकडाला भिडणार. मग एकतर ड्रेन दोन इंच सरकवा किंवा तो जॉइस्ट कापून दोन्ही बाजूंच्या जॉइस्टमध्ये आडवं हेडर (कापलेली टोकं पेलणारं लाकूड) टाका, हँगर म्हणजे लोखंडी आधार लावून. हेडर टाकणं हा रीतसर मार्ग आहे, कोडात आहे, पण त्याला बिल्डिंग परमिट आणि जास्तीचा खर्च.

माझं सरळ मत विचाराल तर ड्रेन हलवूच नका.

सह्यकडा
हेच लिहायला आलो होतो. ६० बाय ३२ चे शॉवर पॅन डाव्या किंवा उजव्या टोकाला ड्रेन असलेले सर्रास मिळतात, टब काढून शॉवर करणाऱ्यांसाठीच बनवतात ते. तुमचं जुनं ड्रेन ज्या गाळ्यात आहे त्याच गाळ्यात नवं येईल. एकही जॉइस्ट ओलांडायला नको. मला कायम वाटतं की पॅन ऑर्डर करण्याआधी जमिनीत डोकावून बघितलं पाहिजे, आणि लोक आधी पॅन पसंत करतात आणि मग जॉइस्टला पॅनच्या मापाने कापतात. टाइलच हवी असेल तर टोकाला आडवं लांब पट्टीचं ड्रेन घ्या, उतार एकाच दिशेने, मोठ्या टाइल लावता येतात. फक्त लांबचं टोक सव्वा इंच वर येईल, पाच फुटांना फुटामागे पाव इंच.

गारवा
टोकाला ड्रेन असलेले पॅन मिळतात हे माहीत नव्हतं. मग प्रश्नच मिटला, हेच करा.

अबोली१२
अपडेट देते. काँट्रॅक्टरशी बोललो. आधी जरा फुरंगटला, पण रंधा यांचे आकडे कागदावर लिहून दाखवले आणि परमिट काढायचंच आहे म्हटल्यावर ऐकलं. नळाच्या बाजूला ड्रेन असलेला ॲक्रिलिक पॅन घेतोय, पुढची कड बुटकी आहे, आईला पाय जेमतेम उचलावा लागेल, आणि नळाच्या विरुद्ध टोकाला घडीची बैठक.

पण आता वेगळंच निघालंय. दीड इंची पाइप बदलायचा म्हणून खालून सिलिंगचा चौकोन कापला, तर जुन्या ट्रॅपजवळच्या जॉइस्टला खालून खाच आहे. आधीच्या कोणीतरी मारलेली. मोजली, अडीच इंच खोल आणि पाच इंच लांब. चीर दिसत नाही. भिंतीपासून १४ इंचांवर आहे. हे तसंच सोडलं तर चालेल का?

रंधा
सोडू नका, सिलिंग उघडं आहे तोवर करूनच घ्या, परत ही संधी येणार नाही. अडीच इंच म्हणजे तिथे पावणेसात इंचच लाकूड उरलंय आणि टेक्याच्या इतक्या जवळ कातर जास्त असते, चीर तिथूनच सुरू होते. तुमच्या भागातल्या लायसन्स असलेल्या इंजिनिअरला बोलवा, तो बघून सही केलेलं स्केच देईल, तेच इन्स्पेक्टरला दाखवायचं. बहुतेक तो शेजारी पूर्ण लांबीचं नवीन २ बाय १० किंवा एलव्हीएल (पातळ थर चिकटवून केलेलं लाकूड) लावायला सांगेल, गोंद आणि बोल्ट. जुना ट्रॅप निघालाय त्यामुळे जागा मोकळी आहे, नवीन ट्रॅप बसवायच्या आधी सिस्टर आत घालून घ्या, नंतर पाइप आडवा येतो. खाचेत लाकडाचा तुकडा ठोकून भरून दिला तर त्याचा काही उपयोग नाही, तसं कोणी सुचवलं तर नको म्हणा.

बे_एरियातला
आणि क्रम सांभाळा. सिस्टर, मग पाइप, मग रफ इन्स्पेक्शन (सगळं झाकायच्या आधीची तपासणी), आणि तोवर सिलिंग उघडंच ठेवा, झाकलेलं इन्स्पेक्टर उघडायला लावतो. पाइप लाकडाच्या कडेपासून सव्वा इंचापेक्षा जवळून जात असेल तिथे स्टीलची पट्टी ठोका, नाहीतर ड्रायवॉलचा स्क्रू थेट पाइपमध्ये. पॅन बसल्यावर ड्रेनचं तोंड बंद करून पाणी भरा आणि रात्रभर ठेवा. कोडात कमीत कमी १५ मिनिटं आहेत पण झिरप दिसायला तेवढा वेळ पुरत नाही, खाली सिलिंग उघडं असताना टॉर्च घेऊन स्वतः बघा.

केतकी_पुणे
अबोली, भिंती उघड्या आहेत ना अजून? मग आईला धरायला दांडे लावायचेच असतील, त्यासाठी आत्ताच भिंतीत आडवं लाकूड टाकून घे. माझ्या सासूबाईंसाठी नंतर लावायला गेलो तर टाइल फोडावी लागली, इथे तर विटांची भिंत होती.

रंधा
अगदी बरोबर. स्टडच्या, म्हणजे भिंतीतल्या उभ्या लाकडांच्या, मध्ये २ बाय ८ किंवा २ बाय १० आडवं टाका, शॉवरच्या तिन्ही बाजूंना, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर दांडा येईल असं. बैठकीच्या मागेही टाका, घडीच्या बैठकीवर सगळं वजन भिंतीवर येतं. आणि बंद करायच्या आधी टेप लावून सगळ्या भिंतींचे फोटो काढून ठेवा.

अबोली१२
इंजिनिअर गुरुवारी येतायत, केतकीचं लाकूड आणि रंधांचे फोटो दोन्ही यादीत लिहिलंय. एकच विचारायचं राहिलं, तो जॉइस्ट बाहेरच्या भिंतीवर जिथे टेकतो तिथे इन्सुलेशन भरलेलं आहे, पूर्ण लांबीची सिस्टर आत कशी घालणार? जागाच दिसत नाही.

सह्यकडा
इन्सुलेशन काढा, मागे रिम जॉइस्ट, म्हणजे जॉइस्टची टोकं बंद करणारं आडवं लाकूड, दिसेल. नवीन लाकूड आधी तिरपं, आडवं झोपवून आत सरकवायचं, दोन्ही टोकं भिंतीच्या प्लेटवर आली की हातोडीने उभं करायचं. वरच्या मागच्या कोपऱ्याला थोडं तासलं की फिरतं, किती तासायचं ते इंजिनिअरकडून स्केचवरच लिहून घ्या. वायर किंवा डक्ट मध्ये असेल तर ती आधी बाजूला घ्यावी लागेल. काम झाल्यावर इन्सुलेशन परत भरायला विसरू नका, पाइप बाहेरच्या भिंतीच्या इतक्या जवळ आहे आणि जर्सीच्या जानेवारीत ट्रॅपमधलं पाणी गोठू शकतं.

अबोली१२
समजलं. गुरुवारी ते स्केच देतील तेव्हा इथे लिहिते.